वीज नियामक आयोगाच्या सदस्यांची निवड : समितीच्या कार्यपद्धतीचा विचार

केज येथील घरगुती ग्राहकाला अथवा पिठाच्या गिरणीला लागू होणारा वीजदर बीड जिल्ह्यात ठरत नाही, तसाच तो मंत्रिमंडळातही ठरत नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. १९९९ साली स्थापन झालेला हा आयोग आता २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार चालतो व त्यात अध्यक्ष धरून अधिकाधिक तीनच सदस्य असतात. इतका व्यापक अधिकार इतक्या थोड्या व्यक्तींच्या हाती असल्यामुळे त्यांची निवड कशी होते, हा प्रश्न निव्वळ कार्यालयीन राहत नाही.

अधिनियमाच्या ८५ व्या कलमानुसार ही निवड त्रिसदस्य समितीकडे सोपविली आहे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेली व्यक्ती समितीची अध्यक्ष असते. राज्याचे मुख्य सचिव हे दुसरे सदस्य, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अथवा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष हे तिसरे. सदस्याची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने शासनाने प्रकरण समितीकडे पाठवावे, समितीने तीन महिन्यांत निवड पूर्ण करावी व प्रत्येक रिक्त पदासाठी दोन नावे सुचवावीत, असा दंडक आहे. शिफारस करण्यापूर्वी उमेदवाराचे कोणतेही बाधक हितसंबंध नाहीत, याची खात्री समितीने करून घ्यावयाची असते.

मुदतींविषयी इतके काटेकोर असलेले हे कलम सभेच्या नियमांविषयी मात्र मौन पाळते. आयोगाच्या स्वतःच्या सभांसाठी ९२ व्या कलमात बहुमताचा नियम आहे आणि समसमान मते पडल्यास अध्यक्षास निर्णायक मत आहे. निवड समितीसाठी ८५ व्या कलमात गणपूर्ती, मतदान अथवा भिन्नमत यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. समितीतील एखादे पद रिक्त होते, एवढ्याच कारणाने नियुक्ती अवैध ठरत नाही, असे ते सांगते. परंतु पद रिक्त असणे आणि पदावरील व्यक्ती सभेस अनुपस्थित असणे या दोन भिन्न गोष्टी होत. एक सदस्य अनुपस्थित राहिला व उरलेल्या दोघांत मतभेद झाला, तर मार्ग कोणता, याचे उत्तर या कलमात सापडत नाही.

त्रिसदस्य समितीत हा प्रश्न विशेष गंभीर होय. न्यायव्यवस्था, राज्य प्रशासन व केंद्रीय वीज नियमन अशा तीन दृष्टींचा समतोल साधावा, हा तिच्या रचनेचा हेतू दिसतो. एक दृष्टी गैरहजर राहिली की तो समतोल ढळतो. म्हणून तिन्ही सदस्यांची उपस्थिती, सकारण इतिवृत्त आणि भिन्नमताची लेखी नोंद, एवढे तीन नियम तरी आवश्यक वाटतात. १२ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आयोगांत कायदेक्षेत्रातील एक सदस्य अनिवार्य ठरविला. त्यामुळे आयोगात कोण असावे याविषयीची एक संदिग्धता दूर झाली. त्यांना निवडणाऱ्यांनी सभा कशी चालवावी, हा प्रश्नही तितक्याच बारकाईने अभ्यासला जाणे अगत्याचे आहे.