आधी भिंत वाजवून बघा

एकेकाळी हॉलच्या एका भिंतीला टेक्स्चर करून घ्यायची भारी हौस होती. आता त्या खाचांतली धूळ झटकून कंटाळा आला, की भिंत पुन्हा सपाट करायचं ठरतं. गवंडी येतो, भिंतीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आधीच खरबरीत आहे, टाचे कशाला? डायरेक्ट माल मारू." टाचे म्हणजे नवा माल धरावा म्हणून भिंतीवर मारलेल्या बारीक खाचा.

ऐकायला पटतं, पण हा खरबरीतपणा कशाचा आहे, हे आधी बघायला हवं. विटेचा, काँक्रीटचा किंवा घट्ट सिमेंट गिलाव्याचा असेल, तर नवा माल त्यात धरतो. टेक्स्चर पेंट म्हणजे शेवटी रंगच. गिलावा त्या रंगाला चिकटतो, भिंतीला नाही. 12 मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा गिलावा चौरस मीटरला साधारण 24 किलो भरतो. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर सव्वादोनशे किलोंच्या आसपास! एवढं ओझं रंगाच्या भरवशावर टांगायचं का?

रंगाची पकड घरीच तपासता येते. ब्लेडने बारीक चौकटी ओरखडा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर पकड गेली आहे. पण पकड घट्ट निघाली तरी सिमेंटच्या गिलाव्याआधी रंग काढायचाच. खरवडून झाल्यावर भिंतीवर पाणी शिंपडा. पाणी थेंबाथेंबाने ओघळलं तर रंग अजून शिल्लक आहे. भिंतीने ते पिऊन टाकलं, की टाचे मारायला घ्या.

"मग सगळा जुना गिलावाच पाडावा लागेल," हे दुसरं टोक. तसं नसतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत ठोकत जा. घट्ट भाग टक टक वाजतो, सुटलेला बद बद. बद वाजेल तिथे खडूने गोल करा आणि तेवढाच भाग विटेपर्यंत उतरवा. विटांमधले सांधे 10 मिलिमीटर खोल खरवडा.

जुना ऑइल पेंट मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, साधा रुमाल न बांधता एन-95 मास्क लावा, आणि पोरांना त्या खोलीत फिरकू देऊ नका.

"भिंत जितकी भिजवाल तितकं चांगलं," असंही म्हणतात. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, म्हणून भिजवायचं. पण पृष्ठभागावर पाणी चमकत असताना माल मारला, तर तो घसरतो. पांढरा खार फुटला असेल तर तो धुऊ नये, विरघळून परत भिंतीत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडा. अर्थात ओल कुठून येते ते शोधलं नाही, तर तो पुन्हा फुटणारच.

जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट म्हणजे दणकट काम, ही समजूत तर फार महागात पडते. चुना मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. कडक सिमेंट ती वाट अडवतं आणि काही पावसाळ्यांनी चुन्याचा थर घेऊनच सुटून येतं. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

आणि मजुरी ठरवताना खरवडणं, टाचे आणि सांधे यांचा दर वेगळा लिहून घ्या. नुसत्या गिलाव्याच्या चौरस फुटावर पैसे ठरले, की हीच कामं घाईत उरकली जातात.