मंदीत आधी आटते ती रोकड

नफ्यात चाललेल्या धंद्याला मंदीची भीती नाही, हा लघुउद्योगातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. नफा-तोटा पत्रकात बिल फाडल्याबरोबर विक्री दिसते. पैसे मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतात. समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने मार्चमध्ये १० लाखांचे सुटे भाग पाठवले. १८ टक्क्यांनी जीएसटी झाला १ लाख ८० हजार. ६ लाखांच्या कच्च्या मालावर भरलेला कर वजा जाता उरलेले ७२ हजार २० एप्रिलपर्यंत भरायचेच, बिलाचा एक रुपया आलेला नसला तरी. पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली आणि मोठ्या कंपन्यांनी उत्पादन बंद ठेवायचे दिवस जाहीर केले, तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्यांवर दुहेरी ताण आला. नव्या ऑर्डरी आटल्या आणि जुनी उधारी लांबली.

म्हणून मंदीत ताळेबंदापेक्षा पुढच्या तीन महिन्यांचा, आठवड्या-आठवड्याचा रोकडीचा तक्ता जास्त उपयोगी पडतो. कोणत्या आठवड्यात खड्डा पडणार, हे त्यात आधीच दिसतं.

‘वसुलीसाठी तगादा लावला तर गिऱ्हाईक तुटेल’, असं म्हणून अनेक जण गप्प बसतात. ही भीती खोटी नाही, पण कायदा पुरवठादाराच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापणं हा त्यासाठीचा सर्वांत स्वस्त उपाय. ज्यांना भांडण नकोच, त्यांनी ‘ट्रेड्स’च्या मंचावर बिल वटवावं. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केलं की थोडी सूट कापून बँक लगेच पैसे देते आणि ते वसूल खरेदीदाराकडून करते.

आता दराचा प्रश्न. पूर्ण खर्च निघत नसेल तर ऑर्डर घ्यायचीच नाही, हा नियम तेजीत बरोबर आहे. मंदीत हिशेब बदलतो. एका नगाला माल, वीज, हत्यारं मिळून ७० रुपये लागतात. भाडं, पगार आणि व्याजाचा वाटा ४० रुपये. ८५ चा दर कागदावर तोट्याचा. पण मशीन एरवी रिकामंच राहणार असेल, तर प्रत्येक नगामागे १५ रुपये भाड्या-पगाराला हातभार लावतात. ७० च्या खाली मात्र कधीच जाऊ नये, आणि अशा दरात चार महिन्यांची उधारी तर अजिबात देऊ नये.

खर्चकपात म्हणजे आधी माणसं कमी करणं, हेही मला पटत नाही. कुशल सेटर गेला की मागणी परतल्यावर नवा माणूस तयार होईपर्यंत रिजेक्शन वाढतं. गोदामात पडून राहिलेला माल, न चालणारं मशीन, जादा जागा यांत अडकलेला पैसा आधी मोकळा करावा.

कर्जाबाबतचा गोंधळ २०२० मध्ये उघड झाला. मार्च ते ऑगस्टची हप्तेसवलत अनेकांना माफी वाटली. व्याज चालूच होतं. पुढे फक्त व्याजावरचं व्याज परत मिळालं. आणि ‘अडचण सांगितली तर बँक खातं गोठवेल’, या धास्तीने उद्योजक उशीर करतात. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं, मग वाटाघाटीला फार जागा उरत नाही. २५ कोटींपर्यंतच्या कर्जासाठी पुनरुज्जीवनाची चौकट रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे, आणि तिच्यासाठी उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. रोकडीच्या तक्त्यात खड्डा दिसला की पहिला हप्ता चुकायच्या आत तो अर्ज आणि तक्ता घेऊन शाखेत जावं.