पाळणा चित्राबाहेर

हिरव्या पोशाखातली एक भक्कम बांध्याची बाई खुर्चीत बसली आहे. एकावर एक ठेवलेल्या हातांत दोरी आहे. ती दोरी पाळण्याची, पण पाळणा चित्रात कुठेच नाही.

ही ऑगस्टिन रुलँ. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी तिचा नवरा जोसेफ रेल्वे स्टेशनवर टपालखात्यात होता. त्यांची धाकटी मुलगी मार्सेल जुलै १८८८ मध्ये जन्मली. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने त्याच डिसेंबरात 'ला बेर्सूज', म्हणजे पाळणा हलवणारी, हे चित्र सुरू केलं. २३ डिसेंबरला चित्रकार मित्र गोगँशी भांडण झालं, व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला आणि कॅनव्हास अर्धाच राहिला. इस्पितळातून परतल्यावर त्याने तो पुरा केला. पुढच्या काही आठवड्यांत तेच चित्र आणखी चार वेळा रंगवलं.

इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्षणाक्षणाला बदलणारा उजेड टिपत. इथे उजेड कुठून येतो ते शोधून सापडत नाही. सावल्या जवळजवळ नाहीतच. सपाट रंग, भोवती ठसठशीत गडद रेघ. व्हॅन गॉग जमवत असलेल्या जपानी छापचित्रांचा हा संस्कार. लाल जमीन, हिरवा घागरा, मागे डेलियाच्या फुलांचा भिंतकागद, आणि चेहरा चक्क पिवळा! लाल-हिरव्याची ही झुंज मुद्दाम लावलेली आहे. रंगाने दिसणं नव्हे, भावना सांगायची, हा पुढच्या पिढीचा ध्यास इथे स्पष्ट दिसतो. या पिढीला 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे नाव मिळालं ते १९१० मध्ये, लंडनमध्ये कलासमीक्षक रॉजर फ्रायने भरवलेल्या प्रदर्शनामुळे. तोवर व्हॅन गॉगला जाऊन वीस वर्षं झाली होती.

त्याच्या मनातला प्रेक्षक मात्र प्रदर्शनाला येणारा नव्हता. पिएर लोतीची आइसलँडच्या समुद्रातल्या कोळ्यांवरची कादंबरी त्याने वाचली होती. हे चित्र अशा एखाद्या होडीच्या खोलीत टांगलेलं असावं, लाटांवर हेलकावताना त्या माणसांना लहानपणीची अंगाई आठवावी, असं त्याला वाटे. म्हणजे पाळण्यात आहे तो पाहणारा! बाजारातल्या स्वस्त रंगीत छापील चित्राशी आपल्या कॅनव्हासची तुलना त्याने स्वतःच केली. ऑगस्टिन हसत नाही, आपल्याकडे बघतही नाही. आईपणाचा गोडवा चेहऱ्यावर न थापता सगळा दिलासा रंगांवर सोपवणं, हेच या चित्राचं मोठेपण.

मे १८८९ मध्ये त्याने भाऊ थिओला एक रेखाटन पाठवलं: मधे बेर्सूज, दोन्ही बाजूंना त्याचीच सूर्यफुलांची चित्रं. शेजारच्या पिवळ्यामुळे चेहऱ्याचे पिवळे-नारिंगी रंग अधिक उजळतील, असा त्याचा हिशेब होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०२४ मध्ये तशी मांडणी प्रत्यक्ष केली. बोस्टनच्या संग्रहालयातली ऑगस्टिन मधे, एका बाजूला लंडनची सूर्यफुलं आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाची.