चूक नेमकी कुठे?

समजा, एका परीक्षेला बसलेल्या दहा हजार विद्यार्थ्यांचे गुण एका फाइलमधून डेटाबेसमध्ये भरायचे आहेत. डेटाबेसमधील प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरलेला असतो. नावासाठी मजकूर, गुणांसाठी पूर्णांक. फाइलमध्ये मात्र सारीच चिन्हे असतात. ‘चार’ आणि ‘दोन’ या शेजारच्या चिन्हांपासून बेचाळीस ही संख्या बनवणे, याला प्रकार-रूपांतर म्हणतात. पण कोणी गुणांच्या जागी ‘गैरहजर’ लिहिले असेल, किंवा शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टंकला असेल, तर हे रूपांतर फसते.

अशा वेळी संगणकाने काय सांगावे? ओरॅकल या प्रणालीत अनेक वर्षे ‘अवैध संख्या’ एवढाच संदेश येत असे. दहा हजार ओळींपैकी कोणती, हे शोधणे माणसाच्या माथी. २०२४ साली आलेल्या २३एआय आवृत्तीत हा संदेश सुधारला आणि अडलेल्या मजकुराचा उल्लेख त्यात येऊ लागला.

ही उणीव राहते कशी? रूपांतर करणाऱ्या उपक्रमाच्या हाती फक्त चिन्हांची माळ दिलेली असते. ती कोणत्या ओळीतून, कोणत्या रकान्यातून आली, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते त्याला काम सांगणाऱ्या वरच्या उपक्रमाला. म्हणून चांगला संदेश दोघांनी मिळून बनवावा लागतो. पोस्टग्रेस प्रणालीत फाइल भरताना असेच घडते: खालचा उपक्रम अडलेले मूल्य आणि अपेक्षित प्रकार सांगतो, वरचा त्याला तक्ता, ओळ आणि रकाना जोडतो.

संदेश अपुरा असण्याहून वाईट म्हणजे अडचण गिळून टाकणे. मायएसक्यूएल प्रणाली पूर्वी अशा मजकुराच्या जागी ० नोंदवून केवळ सूचना देत असे. म्हणजे गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण! २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ती, मूळ मांडणी बदललेली नसल्यास, अशी नोंद नाकारते आणि मूल्य, रकाना व ओळ सांगते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुद्दाम दोन-तीन चुका घातलेली गुणांची यादी मुलांना द्या आणि प्रत्येक चुकीसाठी एका वाक्याचा संदेश लिहायला सांगा. तेवढ्या वाक्यावरून दुसऱ्या मुलाला यादी दुरुस्त करता आली, तर संदेश उत्तम!