थायरॉईड समजून घेताना (लेखांक ७) : गोळी थायरॉईडची, त्रास फुप्फुसाला

ग्रेव्ह्ज आजारात थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन का बनवते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ती आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या 1940च्या दशकापासून वापरात आहेत आणि बहुतेकांना त्या मानवतात. मात्र क्वचित कुणाला त्यांचा असा त्रास होतो, जो वेळेवर ओळखला नाही तर जिवावर बेततो.

काशीमीऱ्यात कुणाच्या थुंकीत रक्त दिसलं की घरचे आधी टीबीला घाबरतात. ती शंका रास्तच आहे, थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. पण रुग्ण कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल (पीटीयू) यांपैकी थायरॉईड आटोक्यात ठेवणारी गोळी घेत असेल, तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळायला हवं.

या गोळ्या थायरॉईडमधल्या पेरॉक्सिडेज या विकराला अडवतात. त्याच कुळातलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर आपल्या पांढऱ्या पेशींत असतं. औषध, विशेषतः पीटीयू, या पेशींत साठतं आणि तिथल्या विकराचं रूप बदलतं, असं मानलं जातं. मग काहींचं शरीर त्याच्याविरुद्ध 'अँका' नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. थोड्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना मात्र सूज येते आणि फुप्फुसांत व मूत्रपिंडांत रक्त झिरपू लागतं. हे गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही घडू शकतं. कार्बिमॅझोलने हा धोका कमी असतो, पण अजिबात नसतो असं नाही.

रक्त थुंकीत दिसेलच असं नाही. नुसती धाप लागते, हिमोग्लोबिन घसरतं, एक्स-रेवर न्यूमोनियासारखे डाग दिसतात. सोबत सांधेदुखी, पायांवर लालजांभळे ठिपके किंवा लालसर लघवी असेल, तर लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि अँका चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. वेळीच निदान झालं आणि औषध थांबवलं, तर अनेकांना उतार पडतो. आजार तीव्र असेल तर स्टिरॉइड द्यावी लागतात.

दवाखान्यात नुसतं 'थायरॉईडची गोळी घेतो' म्हणू नका. थायरॉक्सिन घेणारेही तेच सांगतात आणि त्या गोळीला हा धोका नाही. गोळ्यांची पट्टीच दाखवा. ताप आणि घसादुखी एकदम आली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या, कारण या गोळ्यांनी त्या झपाट्याने घटू शकतात. कसलाच त्रास नसेल, तर मात्र वाचून घाबरून गोळी बंद करू नका. बळावलेलं थायरॉईड हृदयाला घातक असतं.

ज्यांना या गोळ्या चालतच नाहीत, त्यांना किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे आयोडीन कसं दिलं जातं, ते पुढच्या आठवड्यात.