बाजरीची प्रतिकारशक्ती

बाजरीच्या उभ्या पिकात काही ताटांची कणसे दाण्यांनी भरत नाहीत. दाण्यांच्या जागी हिरव्या, पिळवटलेल्या पानांच्या जटा फुटतात. या रोगास महाराष्ट्रात ‘गोसावी’ किंवा ‘केवडा’ म्हणतात. ‘स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला’ नावाच्या परोपजीवीमुळे तो होतो. या जीवाची गणना पूर्वी कवकांत होत असे. आता तो तपकिरी शैवालांना अधिक जवळचा मानला जातो. त्याची राहणी मात्र कवकासारखीच आहे. त्याचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि दमट रात्री रोगट पानांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीतून नवे बीजाणू पसरतात. कोवळे रोप सापडताच त्याचे तंतू थेट शेंड्यापर्यंत पोचतात.

मग एकाच शेतातील एक रोप रोगास बळी पडते आणि दुसरे निरोगी राहते, ते कशामुळे? म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. प्रतिकारक्षम रोपात परोपजीवीचा शिरकाव होताच आक्रमित पेशी स्वतःहून मरतात. परोपजीवीला अन्न जिवंत पेशींतूनच मिळते. म्हणून तो तेथेच उपाशी पडतो. सभोवतालच्या पेशी लिग्निन व विशिष्ट प्रथिने यांनी आपल्या भित्ती बळकट करतात. रोगास बळी पडणाऱ्या रोपातही ही साधने असतात. परंतु ती उशिरा व अपुरी कामास येतात. उपकारक जीवाणूंची प्रक्रिया बियाण्यास केल्यास रोपाची संरक्षणव्यवस्था आधीच जागृत होते, असेही म्हैसूरच्या प्रयोगांत आढळले.

तथापि ही शक्ती अक्षय नव्हे. १९६५ साली भारतात बाजरीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. ते व त्यानंतरचे काही संकर ‘टिफ्ट २३ ए’ या एकाच मातृवाणापासून निपजले होते. उत्पन्न वाढले, पण १९७१ साली केवड्याची मोठी साथ आली, तेव्हा सर्वत्र सारख्याच असलेल्या या पिकास संरक्षण उरले नाही. पुढे निरनिराळ्या वाणांतील प्रतिकारक जनुके शोधून ती नव्या संकरांत आणण्यात आली. २००५ साली प्रसारित झालेले ‘एचएचबी ६७ सुधारित’ हे त्याचेच फळ होय.

परोपजीवीही पिढ्यान्‌पिढ्या बदलत असतो. म्हणूनच जुन्या गावरान वाणांचे जतन हे उद्याच्या भाकरीचे रक्षण ठरते.