फेब्रुवारीचे जादा शंभर

पगाराच्या चिठ्ठीला दोन बाजू असतात. डावीकडे मिळकत, उजवीकडे कपात. डावी बाजू माणूस नोकरी लागताना बारकाईने वाचतो, उजवी मात्र निवृत्त होईपर्यंत टाळतो. ‘कटिंग जाऊन हातात किती?’ एवढं कळलं की त्याचं भागतं. त्या उजव्या बाजूला प्रॉव्हिडंट फंड, आयकर, पतपेढीचा हप्ता अशी वजनदार मंडळी ठाण मांडून असतात आणि त्यांच्यात अंग चोरून उभी असते एक किरकोळ ओळ : पी.टी. २००.

फेब्रुवारीत हीच ओळ ३०० होते. गंमत म्हणजे ही वाढ कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वर्षअखेरीला उरलेला आयकर वसूल होण्याचा तोच हंगाम. हजारोंच्या कपातीत शंभर रुपये कोण शोधणार? एखाद्या नव्या, चौकस पोराने विचारलंच, तर अकाउंट्समधून उत्तर येतं, “अहो, फेब्रुवारी आहे ना!” वर्षातल्या सगळ्यात आखूड महिन्याला सगळ्यात जास्त कर का, हे मात्र उत्तर देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

कारण साध्या भागाकाराचं आहे. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने त्याला वरून झाकण घातलेलं आहे. १९५० साली ही मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. आता २,५०० ला बाराने भाग जात नाही. दरमहा २०८ रुपये ३३ पैसे कापायचे आणि हिशेब लिहिणाऱ्याला रडवायचं, त्यापेक्षा दोनशेच्या हिशेबाने २,४०० घ्यावेत आणि उरलेले शंभर एका महिन्यावर टाकावेत, हा तोडगा निघाला. आणि फेब्रुवारीच का? महाराष्ट्रात या कराच्या वार्षिक विवरणपत्रात मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंतचा हिशेब येतो. म्हणजे फेब्रुवारी हा त्याचा शेवटचा महिना. राहिलेली बाकी तिथे चुकती होते. कर्नाटकानेही २०२५ पासून हाच २०० आणि ३०० चा मेळ उचलला आहे. दिल्लीच्या नोकरदाराला हा करच नाही.

पगार हातात पडण्याआधीच कर कापून घेण्याची युक्ती तशी जुनी. इंग्लंडात पंतप्रधान ॲडिंग्टनने १८०३ मध्ये ती आयकरासाठी वापरली, हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळातल्या अर्थसदस्य जेम्स विल्सनने १८६० मध्ये आयकर आणला आणि १८८६च्या कायद्यात सरकारी पगारातून कर कापण्याची सोय झाली. हा इतिहास कोणत्याही कर सल्लागाराच्या पुस्तकात मिळेल.

त्या पुस्तकांत सहसा नसतं ते विसापूर. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं हे गाव. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९च्या सुमारास, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग या भागात सुरू केला. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. माणदेशात हिंडताना एखाद्या तलावाकडे बोट करून “ह्यो बहात्तरचा” असं सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि बोलणं तलावावरून तेव्हा कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊवर कधी घसरतं ते कळतही नाही.

दुष्काळ सरला, पण कामाची हमी द्यायची तर दरवर्षी पैसा हवा. तो आणायचा कुठून? १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला, तो या हमीसाठी. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि त्यात अशी तजवीज झाली की हा व रोजगार हमीसाठीचे इतर कर मिळून जेवढे जमतील, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे दादरच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयाला जोडीला दुसरा रुपया मिळे आणि दोन्ही मिळून दुष्काळी आटपाडी-जतकडे मजुरी म्हणून पोचत. शहराने गावाच्या रोजगाराचा भार उचलण्याची इतकी सरळ व्यवस्था देशात क्वचितच झाली असेल. २००५च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पण ज्याच्या पगारातून पैसे गेले, त्याला हे सांगावं असं कुणाला सुचलं नाही. चिठ्ठीवर ‘पी.टी.’ऐवजी ‘रोजगार हमी’ छापायला काय हरकत होती?

सगळ्याच कपाती इतक्या भल्या नव्हत्या. मुंबईच्या गिरण्यांत विणताना कापड बिघडलं की ते विणकराच्याच गळ्यात मारत आणि किंमत पगारातून वळती करत. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने अशा प्रकारांकडे लक्ष वेधलं, आणि १९३६च्या वेतन कायद्याने कशाकशासाठी पगार कापता येईल याची यादीच बांधून दिली. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, आणि दंडाची रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हायला हवी. रुपयाला अर्धा आणा म्हणजे शेकडा तीन रुपयांच्या किंचित वर. पुढे कायद्यात सरळ तीन टक्के आले आणि २०१९च्या वेतन संहितेतही तेच राहिले.

गिरणगावची एक खूण तर व्यवसाय कराच्या कायद्यातच सापडते. कर माफ असणाऱ्यांच्या यादीत पासष्ट वर्षांवरचे ज्येष्ठ, सैन्यदलातले जवान आणि अपंग यांच्या रांगेत कापड गिरण्यांतले ‘बदली कामगार’ही आहेत. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहून, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळवणारा हा माणूस. आज परळमध्ये गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत, यादीत मात्र बदली कामगार कायम आहे.

माफीत बदल होतच नाहीत असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. पुरुषाला मात्र माफी ७,५०० रुपयांपर्यंतच. दहा हजारांपर्यंत १७५ आणि त्यापुढे २००, मग पगार अकरा हजार असो की अकरा लाख. आयकराच्या जुन्या पद्धतीत भरलेल्या व्यवसाय कराची उत्पन्नातून वजावट मिळते, म्हणजे कपातीचीही कपात! नव्या पद्धतीत तेवढाही दिलासा नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २,५००ची मर्यादा वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली आहे. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल आणि पगारदारांची ओरड होईल ती वेगळीच. मात्र १८,००० ला बाराने भाग जातो, महिना नेमके १,५००.